मिक्सर एक, चॅनेल चार

प्रश्न : आमच्या नमन मंडळाचा अॅम्प्लिफायर चार चॅनेलचा, मिक्सरची वायर मात्र एकच. चारही चॅनेल कसे चालवावेत?
– एक वाचक, मिरजोळे (रत्नागिरी)

उत्तर : मागे ‘पॅरलल’ किंवा ‘लिंक’ बटण असेल तर काम झालंच. नसेल तर एका चॅनेलच्या लिंक सॉकेटमधून पुढच्याच्या इनपुटला, अशा छोट्या एक्सएलआर वायरी जोडा. आवाज पडेल ही भीती नको. प्रत्येक इनपुट २० किलोओहमचा धरला तरी चार मिळून ५ किलोओहम. मिक्सरला तो भार जाणवतही नाही. इनपुट असे वाटून घेता येतात, पण चॅनेलचे आउटपुट एकमेकांना जोडलेत तर अॅम्प्लिफायर जळू शकतो. शिमग्याच्या घाईत नेमकं ‘ब्रिज’ बटण दाबलं जातं, तेही टाळा. वायरी जोडताना अॅम्प्लिफायर बंद ठेवा आणि नॉब शून्यावरून हळूहळू वाढवा.