तापीतली जलपर्णी आणि अर्जेंटिनाचा भुंगा

प्रश्न : आम्ही मूळचे भुसावळचे. वडील लूमवर कामाला आले तेव्हापासून सुरतेत आहोत. रांदेर-सिंगणपोर कॉजवेच्या वरच्या अंगाला तापी दरवर्षी जलपर्णीनं भरून जाते. महापालिकेची यंत्रं ती काढतात आणि थोड्याच दिवसांत पुन्हा तेच. ही वनस्पती दक्षिण अमेरिकेतली आहे असं वाचलं. मग तिकडची अ‍ॅमेझॉन तिच्याखाली बुजून कशी गेली नाही? तिला खाणारा किडा तिकडून आणता येणार नाही का? आणि आणलाच, तर तो आमच्या गावाकडच्या केळीवर, कापसावर आला म्हणजे?
— एक वाचक, लिंबायत, सुरत

उत्तर : किडा आणायचा प्रश्नच उरलेला नाही. तो भारतात येऊन चाळीस वर्षं उलटली. १९८२ मध्ये बंगळुरूजवळच्या हेसरघट्टा इथल्या भारतीय बागायती संशोधन संस्थेनं जलपर्णीवरचे भुंगे अमेरिकेतून मागवले, बंदिस्त प्रयोगशाळेत पारखले आणि त्यानंतर बंगळुरूच्या आसपासच्या तळ्यांत सोडले. त्यांच्या दोन जाती आहेत, निओकेटिना आयकॉर्नी आणि निओकेटिना ब्रुकी. दोन्हींचं मूळ घर दक्षिण अमेरिका. अर्जेंटिनात ब्वेनोस आयरेसजवळ हर्लिंगम इथं अमेरिकी कृषी खात्यानं १९६२ मध्ये एक छोटी प्रयोगशाळा उघडली होती. या भुंग्यांचा जन्मापासून मरणापर्यंतचा अभ्यास मुख्यतः तिथं झाला. आपल्याकडे मणिपूरच्या लोकटाक सरोवरात त्यांनी मोठं काम करून दाखवलं.

आता अ‍ॅमेझॉनकडे येऊ. जलपर्णी तिथं आहेच, पण तिच्यामागे खाणारी तोंडं लागलेली आहेत. भुंगे आहेत, पानं कुरतडणारे नाकतोडे आहेत, पानांत बोगदे करणारे कोळीवर्गातले सूक्ष्म जीव आहेत, रस शोषणारे तुडतुडे आहेत, आणि थेट झाडच ओरपणारा मॅनटी हा पाण्यातला सस्तन प्राणीही आहे. त्यावर नदीचा स्वभाव वेगळा. मानाउस शहरापाशी अ‍ॅमेझॉनच्या खोऱ्यातलं पाणी वर्षाकाठी साधारण दहा मीटर चढतं आणि उतरतं. चढत्या पाण्यात जलपर्णीचे ताटवे तुटून वाहून जातात, उतरत्या पाण्यात ते काठावर अडकून वाळतात. एकाच जागी वर्षानुवर्षं गादी घालून बसायची सवड तिला तिथं मिळत नाही.

आपल्याकडे ती आली ती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, जांभळ्या फुलांच्या मोहापायी, बंगालच्या वाटेनं. झाड आलं, त्याचे शत्रू मात्र तिकडेच राहिले. यात आणखी एक गंमतीची बाब आहे. टोरोंटोचे स्पेन्सर बॅरेट यांनी या फुलांवर आयुष्यभर काम केलं. दक्षिण अमेरिकेत जलपर्णीच्या फुलांचे तीन प्रकार सापडतात, आखूड, मध्यम आणि लांब कुक्षीवृंताचे. जगात इतरत्र जवळपास सगळीकडे एक मध्यम प्रकारच दिसतो. पुढे जनुकांच्या तपासणीतही तेच निघालं. परदेशी पसरलेल्या जलपर्णीचा फार मोठा हिस्सा म्हणजे एकाच रोपाला फुटत गेलेले धुमारे आहेत. अनुकूल पाण्यात तिचा पसारा दोनेक आठवड्यांत दुप्पट होतो, आणि त्यासाठी तिला बीजाची गरजही पडत नाही. बी धरतंच, आणि ते गाळात वर्षानुवर्षं जिवंत राहतं, ते वेगळं.

केळी-कापसाची तुमची धास्ती रास्त आहे. खानदेशातल्या माणसानं हा प्रश्न विचारायलाच हवा. म्हणून भुंग्याचं चरित्र जरा जवळून पाहा. तो चार-पाच मिलिमीटर लांब, करड्या-तपकिरी रंगाचा, पुढे सोंडेसारखं तोंड. दिवसा पानांच्या बुडाशी दडतो, रात्री वर येऊन पानाचा वरचा पापुद्रा खरवडतो. त्यामुळे पानावर बारीक चौकोनी-लांबट फिकट ठिपके उमटतात. हे ठिपके झाडाला मारत नाहीत. मारतात त्या अळ्या. मादी पानाच्या फुगीर देठात अंडी घालते, अळी तो स्पंजासारखा देठ आतून पोखरत खाली झाडाच्या गाभ्यापर्यंत उतरते. त्या बोगद्यांत पाणी शिरतं, कुजवा लागतो, देठातली हवा जाते आणि झाड बुडायला लागतं. पुढची पायरी तुमच्या प्रश्नाचं उत्तर आहे. कोषात जायची वेळ आली की अळी पाण्याखालच्या जिवंत मुळांवर जाते, तिथल्याच केसांसारख्या मुळांचा गोळा करून त्यात स्वतःला बंद करते. पाण्यावर तरंगणाऱ्या झाडाचं मूळ नसेल तर तिची पुढची पिढीच होत नाही. केळीच्या बागेत किंवा कपाशीच्या शेतात चुकून एखादा भुंगा पोचला तरी त्याचा वंश तिथं चालणार नाही. शिवाय सोडण्याआधी त्याला पिकांच्या पानांवर ठेवून बघितलं जातं. त्या कसोटीत उतरल्यावरच परवानगी मिळते.

इतकी काटेकोर तपासणी कशासाठी, हे या शास्त्राच्या इतिहासात दिसतं, आणि त्याची सुरुवात भारतात झालेली आहे. १७९५ मध्ये कॅप्टन नीलसन नावाच्या माणसानं रिओ द जानेरोहून कलकत्त्याला निवडुंगावरचे किडे आणले. ईस्ट इंडिया कंपनीला त्यांतून कापड रंगवायचा किरमिजी लाल रंग हवा होता. आणलेली जात निघाली वेगळी. रंग काही भरघोस मिळाला नाही, पण तो किडा दक्षिण अमेरिकेच्याच एका निवडुंगावर तुटून पडला आणि उत्तर भारतात त्यानं तो निवडुंग झपाट्यानं संपवला. पुढे १८३६ ते १८३८ च्या सुमारास हाच किडा मुद्दाम दक्षिणेत नेला गेला. तणाचा बंदोबस्त किड्याकडून करवून घेण्याचं जगातलं हे पहिलं उदाहरण मानतात. ओळख चुकली आणि नशिबानं काम झालं.

दर वेळी नशीब असं साथ देत नाही. सॅल्व्हिनिया मोलेस्टा नावाचं तरंगतं नेचं घ्या. झांबिया-झिंबाब्वेच्या सीमेवरचं करिबा धरण त्यानं व्यापलं, केरळातली कुट्टनाडची भातशेती आणि कालवे त्यानं जेरीस आणले. तज्ज्ञांनी त्याला सॅल्व्हिनिया ऑरिक्युलाटा समजून त्रिनिदाद, गयानाच्या बाजूनं त्या जातीवरचे किडे आणले. किड्यांनी काही केल्या मनावर घेतलं नाही. १९७२ मध्ये डी. एस. मिचेल यांनी दाखवून दिलं की ही जातच वेगळी आहे. मग तिचं घर शोधायला माणसं निघाली आणि १९७८ मध्ये ते आग्नेय ब्राझीलमध्ये सापडलं. तिथल्या झाडांवर जो भुंगा मिळाला तो आधीच्या फसलेल्या भुंग्यासारखाच दिसत होता, इतका की त्याला स्वतंत्र नाव मिळायला १९८५ उजाडलं. या सिर्टोबेगस सॅल्व्हिनियानं १९८० मध्ये ऑस्ट्रेलियाच्या मूंडारा जलाशयात सोडल्यावर वर्ष-सव्वा वर्षात हजारो टन नेचं बुडवलं. नंतर केरळातही तो आला आणि कामाला लागला.

हे सगळं तुमच्यापासून फार लांबचं नाही. तापी जिथं उगम पावते त्या बैतूल जिल्ह्यातच सारणी इथं सातपुडा जलाशय आहे. काही वर्षांपूर्वी तो याच नेच्यानं झाकला गेला. लोक त्याला चायनीज झालर म्हणत, पण झाड होतं ब्राझीलचं. जबलपूरच्या तण संशोधन संचालनालयानं तिथं तोच भुंगा सोडला आणि जलाशय मोकळा झाला. ब्राझीलमध्ये कुणीतरी या नेच्याचं खरं घर आणि त्यावरचा भुंगा शोधला, त्याचा उपयोग सातपुड्यात झाला. दूर देशीच्या प्राणी-वनस्पतींच्या अभ्यासावर खर्च कशाला, असं विचारणाऱ्यांना मी हे उदाहरण सांगत असतो.

मग तापीत असंच का घडत नाही? १९९५ मध्ये कॉजवे झाला आणि समुद्राचं भरतीचं खारं पाणी त्याच्या खालीच थांबलं. शहराला पिण्याचं गोडं पाणी मिळालं, ही मोठी सोय झाली. पण जलपर्णीला खारं पाणी सोसत नाही आणि संथ गोडं पाणी फार मानवतं. कॉजवेच्या वर तिला नेमकं तेच मिळालं, त्यात सांडपाण्यातून आलेलं नत्र आणि स्फुरद. अशा सकस पाण्यात झाड नवी पानं इतक्या वेगानं काढतं की भुंग्याची अळी मागे पडते. भुंग्याची एक पिढी पुरी व्हायला तीनेक महिने लागतात. मध्येच यंत्रानं ताटवे उपसले की झाडांबरोबर अंडी, अळ्या आणि कोषही काठावर वाळतात. पावसाळ्यात उकाईचे दरवाजे उघडले की उरलेलं सगळं खंभातच्या आखाताकडे जातं. पुढच्या हंगामात वरून येणारी, गाळातल्या बियांतून उगवणारी रोपं पुन्हा बिनभुंग्याची असतात. व्हिक्टोरिया सरोवरात युगांडानं १९९५ पासून हेच भुंगे सोडले, जलपर्णी खूप घटली, पण जिथं शहरांचा मैला येत राहिला त्या केनियातल्या किसुमूच्या आखातात ती परत आली.

म्हणून माझं स्पष्ट मत असं आहे : तापीत पहिला इलाज सांडपाणी अडवण्याचा. पिण्याच्या पाण्याच्या विहिरी असलेल्या भागात यंत्रं चालूच राहावीत, तिथं वाट पाहायला वेळ नाही. पण काठाच्या संथ डबक्यांत आणि वरच्या अंगाच्या खाचांत जलपर्णीचे काही ताटवे मुद्दाम राखून त्यात भुंगे वाढवले, तर पुरानंतरही त्यांची वस्ती टिकेल आणि नव्या रोपांवर लवकर पोचेल. नुसतं यंत्र किंवा नुसता भुंगा यानं हे काम होणार नाही.

तुमच्याकडून दोन गोष्टी हव्यात. कॉजवेजवळ जलपर्णीचं पान हाती आलं तर उन्हात धरून त्यावर ते चौकोनी ठिपके आहेत का बघा, आणि असतील तर फोटो, तारीख आणि जागा जवळच्या कृषी विद्यापीठाच्या कीटकशास्त्र विभागाला कळवा. भुंगा कुठे टिकून आहे हे अशा नोंदींवरूनच समजतं. दुसरं, घरातल्या काचेच्या टाकीतली झाडं आणि मासे नदीत सोडू नका, इतरांनाही सोडू देऊ नका. टाकी साफ ठेवणारा म्हणून विकला जाणारा सकरमाउथ मासाही दक्षिण अमेरिकेचाच, आणि आज तो उजनी धरणातल्या मच्छीमारांची जाळी फाडतो आहे. त्याच्यावर अजून कुठला भुंगा सापडलेला नाही.