‘रामशास्त्री’ बोलपट कसा पाहावा?

ऐतिहासिक बोलपट पाहून आलेला मुलगा बहुधा पगड्या, तलवारी आणि दरबारचा थाट यांचेच वर्णन करतो. परंतु भरजरी वेष अंगावर असतानाच एखादे राज्य आतून कसे पोखरले जाते, हे पाहावयाचे असेल, तर पुण्याच्या प्रभात फिल्म कंपनीचा ‘रामशास्त्री’ हा १९४४ सालचा बोलपट अवश्य पाहावा. रामशास्त्र्यांची भूमिका गजानन जागीरदार यांनी केली असून दिग्दर्शनातही त्यांचा मोठा वाटा आहे. आनंदीबाईंच्या भूमिकेत ललिता पवार आहेत.

कथेचा गाभा इतिहासातला आहे. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात गारद्यांनी तरुण पेशवे नारायणराव यांचा खून केला आणि त्यांचे चुलते राघोबादादा पेशवे झाले. न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे यांनी चौकशी करून दादांनाच दोषी ठरविले, देहान्त प्रायश्चित्त सांगितले आणि पुणे सोडले. शिक्षा मात्र अमलात आली नाही.

पुढे काय घडले? दादांनी १७७५ साली सुरतेच्या तहाने मुंबईकर इंग्रजांचे साह्य मागितले. त्यांचे पुत्र दुसरे बाजीराव पेशवे झाल्यावर १८०१ साली त्यांनी विठोजी होळकरांना हत्तीच्या पायी देऊन ठार केले. त्यामुळे संतापलेले यशवंतराव होळकर पुण्यावर चालून गेले आणि २५ ऑक्टोबर १८०२ रोजी हडपसरच्या लढाईत त्यांनी पेशवे व शिंदे यांच्या फौजांचा पराभव केला. बाजीराव इंग्रजांच्या आश्रयास गेले व त्याच वर्षाच्या अखेरच्या दिवशी त्यांनी वसईचा तह केला. १८१८ साली पेशवाई संपली.

एका खुनाने राज्य बुडाले, असे म्हणणे धाडसाचे होईल. सरदारांतील वैर, पैशाची ओढाताण आणि इंग्रजांची कवायती फौज हीही कारणे होती. तथापि राज्यकर्त्याला न्यायासनापुढे मान तुकवावी लागत नाही, हे एकदा सिद्ध झाले, की मग दाद मागण्यास तलवारीवाचून दुसरे साधन उरत नाही. १८०२ साली नेमके तेच झाले.

या कथेशी आपल्या इंदूरचा निकटचा संबंध आहे. २१ डिसेंबर १८१७ रोजी महिदपूर येथे होळकरांच्या फौजेचा पराभव झाला, ६ जानेवारी १८१८ रोजी मंदसोरचा तह झाला आणि त्यानंतर इंदूर होळकरांची राजधानी बनले. ज्या राजधानीपणाचा आपण अभिमान बाळगतो, ते आपल्याला पराभवानंतर लाभले होते, हे विसरू नये.

बोलपट पाहताना एक सावधगिरी बाळगावी. पात्रांचे संवाद लेखकाने रचलेले असतात. ‘ध’चा ‘मा’ केल्याची गोष्ट सर्वांच्या तोंडी आहे. पण आख्यायिका म्हणजे पुरावा नव्हे. म्हणून घरी आल्यावर वहीत दोन रकाने आखावेत : एकात पडद्यावर पाहिलेले लिहावे, दुसऱ्यात इतिहासग्रंथात सापडलेले. साक्षी-पुरावा तपासल्यावाचून रामशास्त्र्यांनी निवाडा दिला नव्हता. त्यांचा बोलपट पाहणाऱ्यानेही तीच शिस्त पाळावी.