घट्ट आस आणि हातोडी : सायकल-दुरुस्तीतील एक धडा

ग्रामीण भागात सायकल हे विद्यार्थी, दूधविक्रेते आणि मजूर यांचे हक्काचे वाहन आहे. त्यामुळे गावातील दुरुस्ती-कारागिराच्या कौशल्यावर अनेकांचा दिनक्रम अवलंबून असतो. नेहमीच्या काळ्या सायकलींबरोबरच आता गिअरच्या, ॲल्युमिनियम किंवा कार्बनच्या सांगाड्याच्या सायकलीही लहान गावांतून दिसू लागल्या आहेत. त्यांची रचना वेगळी असल्याने दुरुस्तीची जुनी सवय येथे नुकसानकारक ठरू शकते.

रचनेतील फरक

जुन्या सायकलीत पायडलच्या दांड्यांमधील आस ज्या नळीत फिरते, तिला आतून आटे असतात. त्यात कप पिळून बसवितात. दांडा आसेवर पक्का करण्यासाठी कॉटर पिन हातोडीने ठोकावी लागते. अर्थात तेथे हातोडी हे योग्यच साधन आहे.

‘प्रेस-फिट’ पद्धतीत मात्र नळीला आटे नसतात. एका प्रचलित मापात नळीचा आतील व्यास ४१ मिलिमीटर, रुंदी ८६.५ मिलिमीटर आणि आसेचा व्यास २४ मिलिमीटर असतो. बेअरिंगचा कप नळीपेक्षा किंचित मोठा ठेवून दाबाने आत बसवितात. हा घट्टपणा हेतुपुरस्सर असतो.

हे तत्त्व आपल्याकडे नवे नाही. बैलगाडीच्या चाकावर लोखंडी धाव चढविताना लोहार ती तापवितो. एक मीटर व्यासाची धाव ५०० अंश सेल्सिअसने तापविली, तर तिचा व्यास सुमारे ६ मिलिमीटरने वाढतो. निवल्यावर ती चाकाला आवळून धरते. सायकलीत हीच आवळण मिलिमीटरच्या अंशात मोजली जाते. म्हणून थोडी घाण किंवा रंगाचा थरही अडचण निर्माण करतो.

आस अडते कशामुळे ?

नळी मापापेक्षा लहान असल्यास ती कपाला आवळते, बेअरिंगचे बाहेरील कडे दाबले जाते आणि छर्‍यांना फिरण्यास जागा उरत नाही. नळीची दोन टोके एका रेषेत नसल्यास आस पहिल्या बेअरिंगमधून सहज जाते, परंतु दुसर्‍यापाशी अडते. कप पूर्ण न बसल्यासही असेच घडते. अशा वेळी हातोडी मारल्यास तो आघात छर्‍यांवर जाऊन कड्यांत खड्डे पडतात. आस बसते खरी. परंतु बेअरिंग लवकर निकामी होते. कार्बनच्या सांगाड्यास तडा जाण्याचाही धोका असतो.

जोडणीची पद्धत

१. नळी स्वच्छ पुसावी. व्हर्निअरने आतील व्यास दोन आडव्या-उभ्या दिशांनी मोजावा.

२. धातूच्या नळीस ग्रीसचा पातळ थर द्यावा. कार्बनच्या बाबतीत उत्पादकाच्या सूचना पाळाव्यात.

३. लांब बोल्ट, नट व योग्य मापाच्या चकत्या यांच्या साहाय्याने कप सावकाश व सरळ दाबावा. दाब कपाच्या बाहेरील कडेवरच यावा.

४. आस घालण्यापूर्वी दोन्ही बेअरिंगे बोटाने फिरवून पाहावीत. ती जड वाटल्यास तेथेच थांबावे.

५. आसेला ग्रीस लावून ती चेनच्या बाजूने हाताने सरकवावी. शेवटी रबरी हातोडीचे हलके ठोके चालतात. तेवढ्याने न बसल्यास आस काढून कारण शोधावे.

सांगाडा दिव्याने किंवा ज्योतीने तापविणे कटाक्षाने टाळावे. त्यामुळे रंग, ग्रीस आणि कार्बनमधील राळ बिघडते.

शाळा व पंचायत यांचे कार्य

उष्णतेने होणारे प्रसरण शिकविताना विज्ञान-शिक्षकांना धाव आणि सायकलीची नळी ही दोन्ही उदाहरणे वर्गात घेता येतील. ग्रामपंचायतीने एक व्हर्निअर आणि बोल्ट-चकत्यांचा साधा दाबसंच गावातील कारागिरांसाठी सामाईक ठेवल्यास खर्च अल्प होईल. बळ लावण्याआधी माप घेण्याची सवय कारागिरास लागली, तर ग्राहकाचे बेअरिंग वाचेल आणि गावातील दुकानावरील त्याचा विश्वासही टिकेल.