मीटरवरची काळी पट्टी

सातपूर, नाशिक
श्रावण

चि. बाळू,

परवा तुझी मामी गडावरून वणीपर्यंत तुझ्या बोलेरोने आली. घरी आल्यापासून तुझं कौतुक संपेना. वळणं हळू घेतो, सीट कव्हरं नवी टाकलीत, म्हाताऱ्या माणसांना हात देऊन उतरवतो. आणि बोलता बोलता म्हणाली, "मीटरवर काळी पट्टीसुद्धा लावलीय, डोळ्यावर उजेड येऊ नये म्हणून." मी विचारलं, कसला उजेड? तर म्हणे, कडेने थोडा पिवळा दिसत होता. तिला कळलं नाही. मला कळलं, आणि जेवण गेलं नाही.

तो एबीएसचा दिवा आहे. आधी ती पट्टी काढ आणि मग पुढचं वाच.

क्राऊन-पिनियन वाजत होतं म्हणून जुन्या बाजारातून दुसऱ्या रेशोचा सेट टाकलास, हे तू फोनवर सांगितलं होतंस. नांदुरीपासून गडापर्यंतचा चढ आता गाडी खालचा गिअर न टाकता घेते, म्हणून खुशीत होतास. तुझं म्हणणं खोटं नाही. क्राऊनला 41 आणि पिनियनला 10 दात असले तर रेशो 4.1, 39 ला 8 असले तर 4.875. ओढ वाढते, उतारालाही इंजिन गाडीला जास्त धरून ठेवतं. पण तुझा तो मित्र म्हणाला ना, रेशो बदलला की दिवा लागतोच, सवय होते? ते साफ चूक. एबीएसला इंजिनाशी देणंघेणं नाही, ब्रेक दाबल्यावर चाकं जाम होऊ नयेत म्हणून ते चाकांचे फेरे मोजतं. दात असलेली एक कडी चाकाबरोबर फिरते, शेजारचा सेन्सर ते दात मोजतो. काही गाड्यांत ही कडी चाकापाशी असते, काहींत डिफरन्शियलमध्ये थेट क्राऊनवर. क्राऊनही चाकांच्याच गतीने फिरतो, त्यामुळे रेशो कुठलाही टाक, कडीचे दात तेवढेच असले तर मोजणीत फरक पडत नाही. म्हणजे दिवा लागला तो रेशोमुळे नाही. काम करताना कुणाच्या तरी हाताने काहीतरी दुखावलंय.

काय दुखावलं ते शोधायचं असतं, झाकायचं नसतं. श्रावण चालू आहे, गडाचा घाट ओला आहे, मागच्या सीटवर कुणाची तरी आई बसलेली असते. एबीएस बंद असलं तरी साधा ब्रेक लागतो, म्हणूनच माणूस फसतो. कोरड्या रस्त्यावर महिनाभर काही होत नाही. ओल्या वळणावर बैल मध्ये आला की पाय दाबला जातो, चाकं जाम होतात, आणि जाम चाकाला स्टिअरिंग ऐकू येत नाही. आणि पिवळ्याबरोबर लाल ब्रेकचा दिवाही लागला तर गाडी तिथेच बाजूला लाव. ब्रेक ऑइल कमी झालेलं असेल, नाहीतर मागच्या चाकांचा ब्रेक आवरून धरणारी व्यवस्थाही गेलेली असेल. उतारावर वजन पुढे येतं, मागची चाकं हलकी होतात, ती आधी जाम झाली की गाडीचं शेपूट फिरतं. त्या पट्टीखाली लाल दिवाही झाकला गेलाय का, हे तुला तरी माहीत आहे का?

दाजींना मी हे कळवलेलं नाही. कळवण डेपोत उभी हयात गेली त्यांची. पेडल दाबून बघितल्याशिवाय त्यांनी एसटी कधी गेटबाहेर काढली नाही, हे तू माझ्यापेक्षा जास्त ऐकलंयस.

आता कामाचं सांगतो. स्कॅनर एबीएस वाचणारा हवा, नुसता इंजिनाचा कोड दाखवणारा उपयोगाचा नाही. कोड बहुतेक वेळा चाक सांगतो, मागचं डावं की उजवं. मग वायर बघ. हब उघडताना सेन्सर तिला लटकत राहतो, ताण बसतो किंवा ती क्लिपमधून सुटून चाकाला घासते. सेन्सरचं टोक बघ. जुना सेट झिजताना लोखंडाचा भुगा करतो, तो चुंबकाला चिकटून बसतो. त्यानंतर कडी. कुणी हातोड्याने ठोकली असेल तर चीर पडते, दात उडतो. दुसऱ्या गाडीची कडी बसवली असेल तर दातच वेगळे. दोन्ही बाजूचे मोज. सेन्सर नि कडीत फट साधारण मिलिमीटरभर असते, बेअरिंगला प्ले असेल तर ती हलत राहते. मल्टिमीटर लावायचा तर आधी सेन्सर कुठल्या जातीचा ते ठरव. जुन्या दोन तारांच्या कॉइलचा असेल तर डाव्या-उजव्याचा रेझिस्टन्स ताडून बघ, चाक हाताने फिरवलं की थोडा एसी व्होल्टेज दिसतो. नव्या जातीच्याला असा ओहम लावू नको, त्याला सप्लाय लागतो. दुरुस्तीनंतर दिवा जागेवरच विझला नाही तर घाबरू नको, थोडं चालवल्यावर विझतो.

आणखी एक. तुझ्या गाडीचा मीटर गिअरबॉक्सवरून वेग घेत असेल, तर मी वर सांगितलेल्या बदलात 100 किलोमीटरचे 119 दिसतील. तू गिऱ्हाइकाकडून किलोमीटरने पैसे घेतोस. तेही बघ.

तुला वाटेल मामाला हे सगळं आधीपासून येत होतं. नव्हतं रे. आई म्हणायची, आयटीआय कर, मायकोत अप्रेंटिस लागशील. मला ग्रीसचा वास आवडायचा, मी द्वारकेच्या गॅरेजात गेलो. उस्तादांच्या हाताकडे बघत शिकलो, पण हे असं का, एवढं विचारायची छाती झाली नाही कधी. ज्या बॉशने 1978 मध्ये मर्सिडीजसाठी एबीएस आणलं, त्याच बॉशच्या सातपूरच्या कारखान्याला आपण अजून मायको म्हणतो. मी रोज त्याच्या भिंतीजवळून सायकलने जायचो. वायरिंग पन्नाशीनंतर पोरांच्या पाया पडून शिकलो. ती वर्षं परत मिळत नाहीत, याचं अजून वाईट वाटतं. तू तरी विचारत जा. मला विचार, त्या पोरांना विचार, पुस्तक उघड.

जास्त बोललो. हप्ता आहे, सिंहस्थासाठी दुसरी गाडी घ्यायचं तुझ्या मनात आहे, दिवसभर उभं राहिलेलं चाक परवडत नाही, हे मला कळतं. मित्र म्हणाला म्हणून पट्टी लावलीस, वाईट बुद्धीने नाही. आणि मामीला तू आधी उतरवलंस, पैसे घेतले नाहीस, तिने सांगितलं मला.

या आठवड्यात घाटाच्या फेऱ्या घेऊ नको. रविवारी रिकामी गाडी घेऊन दिंडोरीवरून ये, रस्ता सपाट आहे, पुढच्या गाडीपासून अंतर ठेव. स्कॅनरवाल्याशी माझं बोलणं झालंय, पैसे मी देईन, तुझ्या आईला सांगू नको. चाकं आपण दोघे उघडू. माझे गुडघे आता खाली बसू देत नाहीत, तेव्हा गाडीखाली तू जा, मी बॅटरी धरतो. मामी मिसळ करणार आहे, तेव्हा जेवून निघू नको. आणि आल्यावर मी ओरडेन अशी धास्ती घेऊ नको, ओरडून इथेच झालंय.

तुझा,
मामा