जुनं खातं लगेच बंद करू नकोस

पोरी, दुकानाचं करंट खातं दुसऱ्या बँकेत न्यायचं तू ठरवलंस, ते मला पटलं आहे. खत-बियाण्याच्या धंद्यात रोकड जास्त. ती मोजायला बँक वेळ लावत असेल आणि भरण्यावर पैसेही कापत असेल, तर तिथं राहायचं कारण नाही. पण खातं हलवायची रीत असते. ती मला कुणी सांगितली नव्हती, मी नुकसान सोसून शिकलो. तुला आताच सांगून ठेवतो.

आधी एक समजून घे. मोबाईलचा नंबर तोच ठेवून कंपनी बदलता येते, बँकेच्या खात्याचं तसं नाही. रिझर्व्ह बँकेचे तेव्हाचे डेप्युटी गव्हर्नर एस. एस. मुंद्रा २०१७ साली खाते क्रमांकाच्या पोर्टेबिलिटीबद्दल बोलले होते, पण आपल्याकडं ती सोय अजून झालेली नाही. इंग्लंडमध्ये सप्टेंबर २०१३ पासून नवी बँकच सात कामकाजाच्या दिवसांत सगळं हलवून देते. जुन्या खात्यावरच्या वजाती ती नव्याकडं नेते आणि जुन्या नंबरावर आलेला पैसाही वळवून देते. आपल्याकडं हे काम खातेदाराचंच. ज्याला ज्याला तुझा जुना खाते क्रमांक ठाऊक आहे, त्या प्रत्येकाला तो बदलल्याचं तूच सांगायचं.

बँक निवडताना व्याजाचा विचार करायचाच नाही, करंट खात्यावर व्याज मिळत नाही. दोन गोष्टी पाहा. पहिली म्हणजे रोकड. महिन्याला किती भरणा फुकट आणि त्यापुढं हजारी किती, हे छापील दरपत्रकावर दाखवायला सांग. मॅनेजर तोंडी सवलत देईल, पण त्याची बदली झाली की ती सवलतही गेली. जूनमध्ये वाटाणा, मूग आणि बाजरीच्या पेरणीला आपल्या गल्ल्यात किती रोख येते, ऑक्टोबर-नोव्हेंबरात कांदा लागवडीला किती, ते वहीतून काढ आणि त्या दोन महिन्यांवर हिशेब कर. वर्षाची सरासरी काढलीस तर फसशील.

दुसरी गोष्ट पैशाच्या सुरक्षिततेची, आणि इथं मी जरा थांबणार आहे. नगर अर्बन बँक आपल्या जिल्ह्यातली, १९१० सालची. डिसेंबर २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेनं तिच्यावर निर्बंध घातले, खातेदाराला दहा हजारांवर रक्कम काढता येईना. ४ ऑक्टोबर २०२३ ला तिचा परवानाच रद्द झाला. आपलं खातं तिथं नव्हतं, पण ज्यांचं होतं त्यांचे चेहरे मी बाजारात पाहिले आहेत. ठेव विम्याचं संरक्षण फेब्रुवारी २०२० पासून एका बँकेत एका माणसाला पाच लाखांपर्यंत आहे, त्याआधी ते एकच लाख होतं. यातली मेख दुकानदारांच्या लक्षात येत नाही. आपलं दुकान तुझ्या एकटीच्या मालकीचं आहे. म्हणजे दुकानाचं करंट, तुझं बचत खातं आणि तुझ्या नावावरच्या मुदत ठेवी एकाच बँकेत असतील तर सगळं मिळून पाच लाख. दुकानाचे वेगळे पाच लाख धरू नकोस. तेव्हा करंट नव्या बँकेत ने, पण बचत आणि ठेवी त्याच्यामागं तिथंच नेऊ नकोस.

पतसंस्थेबद्दलही बोलतो. आपल्या तालुक्यात गावोगाव पतसंस्था आहेत आणि अडीनडीला त्यांनीच लोकांना उभं केलं, हे मी विसरत नाही. पण पतसंस्था म्हणजे बँक नव्हे, तिथल्या ठेवींना हा पाच लाखांचा विमा नाही. दुकानाचं मुख्य खातं बँकेतच असू दे.

सुरुवात एप्रिलमध्ये कर. एकतीस मार्चचे हिशेब मिटलेले असतात, पेरणीची गर्दी अजून लांब असते. मे महिन्यात बियाण्याच्या बुकिंगचे पैसे कंपन्यांना जातात, तोवर नवं खातं चालतं झालेलं हवं. पॅन, आधार आणि धंद्याचे दोन पुरावे लागतील. जीएसटीचं प्रमाणपत्र आणि उद्यम नोंदणी दिलीस की झालं. नाव आणि पत्ता सगळ्या कागदांवर अक्षर न् अक्षर सारखा आहे का, ते मात्र बँकेत जायच्या आधी घरीच तपास.

आता चेकबद्दल, माझी खरी जखम तिथं आहे. एजन्सी घेताना कंपन्या आपल्याकडून सुरक्षेपोटी सहीचे कोरे चेक घेतात. ते त्यांच्या फायलीत वर्षानुवर्षं पडून असतात आणि आपण विसरतो. मीही विसरलो होतो. एका औषध कंपनीची एजन्सी सोडली, उरलेला माल परत पाठवला, त्याची क्रेडिट नोट आली नाही म्हणून वाद झाला. त्याच सुमारास मी बँक बदलली आणि मोठ्या हुशारीनं जुनं खातं महिन्याभरात बंद केलं. कंपनीनं तो जुना चेक काढला, त्यावर तारीख आणि रक्कम घातली आणि भरला. ‘खाते बंद’ असा शेरा पडून तो परत गेला आणि मला वकिलाची नोटीस आली.

खातंच नाही तर चेकचा गुन्हा कसला, असं मला वाटलं होतं. तसं नसतं. शिल्लक कमी म्हणून चेक परत गेला काय आणि खातं बंद म्हणून गेला काय, कलम १३८ दोन्हीला लागतं. उलट खातं बंद केलेलं दिसलं की हेतू वाईट होता असं समोरच्याला म्हणता येतं. नोटीस मिळाल्यापासून पंधरा दिवसांत पैसे द्यावे लागतात. मी ते पंधरा दिवस रागात घालवले. त्यांनी चेक पुण्यातल्या खात्यात भरला होता, म्हणून खटलाही पुण्यातच चालला. ऐन हंगामात दुकान बंद ठेवून मी तारखांना गेलो. शेवटी लोकअदालतीत तडजोड केली आणि जो माल परत केला होता त्याचेही पैसे मोजले.

म्हणून खातं हलवायचं ठरलं की पहिलं काम कोरे चेक परत मागायचं. कंपनी नवा मागेल, तो दे, पण जुना हातात आल्यावर दे. नव्या चेकवर ‘फक्त सुरक्षेपोटी’ असं लिही, सोबतच्या पत्रात चेकचा नंबर घाल आणि पत्राच्या प्रतीवर त्यांचा शिक्का घे. चेक हरवला असं कुणी म्हणालं तर तेही लेखी घे आणि बँकेत तो नंबर थांबव. रोजच्या व्यवहारातल्या चेकचं तेवढं भय नाही. तारखेपासून तीन महिन्यांत ते वटले नाहीत तर बाद होतात.

गिऱ्हाइकांचं काम सोपं वाटतं, पण वेळ तिथंच जातो. आपल्या पठारावरच्या कितीतरी शेतकऱ्यांची उधारी त्यांची मुंबईतली पोरं भागवतात. बाप फोन करतो, पोरगा मोबाईलमध्ये साठवलेल्या आपल्या खात्यावर पैसे टाकतो. वर्षातून दोनदा, कांदा झाला की किंवा दिवाळीला. त्या पोरानं आपलं दुकान दोन-दोन वर्षं पाहिलेलं नसतं. काउंटरवरचा क्यूआर बदलला तरी त्याला कसं कळणार? जुनं खातं बंद असेल तर त्याचे पैसे परत त्याच्याच खात्यात जातील. त्याचं लक्ष नसलं तर तो म्हणेल मी दिले, तू म्हणशील मिळाले नाहीत, आणि मधे तो म्हातारा बाप अवघडून बसेल. वीस-वीस वर्षांची घरं अशानं तुटतात.

नुसता व्हॉट्सॲप संदेश पाठवू नकोस. ‘आमचं खातं बदललं, यापुढं या नंबरावर पैसे टाका’ असे संदेश ठगही पाठवतात, आणि शहाण्या माणसानं त्यावर विश्वास ठेवूही नये. स्वतः फोन कर, तुझा आवाज ते ओळखतात. बिलावर नवं खातं छापून घे. पहिल्यांदा एक रुपया टाकायला सांग, आपल्याकडं आल्याचं कळव, मग बाकीची रक्कम. वहीत त्या नावापुढं खूण कर. दोनशे खातेदार असतील तर दोनशे फोन.

बाकीचं लवकर उरकेल. जुन्या खात्याचं बारा महिन्यांचं स्टेटमेंट समोर घे आणि आपोआप होणाऱ्या वजातींवर रेघ मार. विम्याचा हप्ता, टेम्पोचा हप्ता, वीजबिल. वर्षातून एकदाच जाणारा गोदामाचा विमा हमखास निसटतो, म्हणून बारा महिने म्हणतो. जीएसटीच्या पोर्टलवर नवं खातं घाल. प्राप्तिकराच्या पोर्टलवर ते पडताळून घे, नाहीतर परतावा अडकेल. कॅश क्रेडिट जुन्याच बँकेत असेल तर नवीन बँकेला आधीच सांग, ते लपवायचं नसतं. आणि कर्ज फेडून निघणार असशील तर ना-देय दाखला घे आणि सातबाऱ्यावरचा बोजा उतरल्याचं डोळ्यांनी पाहा.

जुन्या खात्यात किमान शिल्लक ठेव आणि एक पूर्ण वर्ष ते चालू राहू दे. त्यासाठी काही शे-हजार रुपये जातील, ते खर्चात धर. दर सोमवारी एकदा उघडून बघ. ज्याचा पैसा तिथं येईल, त्या माणसाला त्याच दिवशी फोन. बंद करायच्या आधी मागच्या सगळ्या वर्षांची स्टेटमेंट शिक्क्यासह घे, कारण खातं मिटलं की नेट बँकिंगही मिटतं. जीएसटीचे कागद वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून बहात्तर महिने जपावे लागतात. उरलेले चेक बँकेत परत कर आणि खातं बंद झाल्याचं पत्र मागून घे.

माझ्या लाल डायरीच्या शेवटच्या पानावर, ज्यांच्याकडं आपले कोरे चेक आहेत त्या कंपन्यांची नावं आणि चेकचे नंबर लिहिले आहेत. पाच होते. तीन परत आलेत, त्यांच्यावर मी काट मारली आहे. दोन अजून यायचेत. ते हातात पडेपर्यंत जुन्या बँकेत बंदचा अर्ज देऊ नकोस.