सहलीचा मुक्काम : खोलीचा दर नव्हे, पूर्ण हिशेब



उन्हाळ्यात भारतातून आई-बाबा येणार म्हटले की आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या घरी एकच बेत शिजतो : लास व्हेगास आणि ग्रँड कॅन्यन. विमानाच्या तिकिटांसाठी आपण महिनाभर घासाघीस करतो, हॉटेल मात्र एका संध्याकाळी, दिसेल त्या स्वस्त दरात घेऊन मोकळे होतो. मीही तेच करत असे. मी व्यवसायाने सॉफ्टवेअर इंजिनियर, म्हणजे आकडेमोडीत हुशार असल्याचा समज होताच! तो कसा उतरला, ते आधी सांगतो.

२०१९ साली तीन रात्रींचे ६०० डॉलर होत होते. 'पैसे आगाऊ भरा, रद्द केल्यास परत मिळणार नाहीत' या अटीवर तेच ५१० डॉलरला मिळाले. नव्वद डॉलर वाचवल्याच्या आनंदात मी झोपलो. निघण्याच्या दोन दिवस आधी बाबांचा रक्तदाब वाढला आणि डॉक्टरांनी प्रवास नको म्हणून सांगितले. पैसे गेले, अट मीच मान्य केली होती, त्यामुळे तक्रारीला जागा नव्हती. पण बाबांना हे कळले आणि ते उठून बॅग भरू लागले. "मला आता बरं वाटतंय, निघू या," म्हणाले. नव्वद डॉलरच्या मोहापायी मी आजारी माणसाला असे बोलायला लावले, ही खंत अजून जात नाही.

तेव्हापासून पाळत असलेले काही नियम :

१. वडीलधारी किंवा लहान मुले बरोबर असतील, तर रद्द करता येणारीच खोली घ्या. थोडा जास्त दर म्हणजे विम्याचा हप्ता समजा. रद्द करण्याची शेवटची तारीख आणि वेळ (ती हॉटेलच्या गावची असते) कॅलेंडरवर लिहून ठेवा. याचा दुसरा फायदा असा, की निघण्यापूर्वी दर पुन्हा पाहता येतो. उतरला असेल तर आधी नवे आरक्षण करा आणि मगच जुने रद्द करा.

२. सहा माणसांचा एका रात्रीचा पूर्ण खर्च मांडा. समजा, व्हेगासच्या मुख्य रस्त्यावरील खोली ९० डॉलरला आहे. दोन खोल्यांचे १८०, सक्तीची रिसॉर्ट फी प्रत्येकी ४० प्रमाणे ८०, त्यावर सुमारे १३ टक्के कर ३४, पार्किंग २० आणि सहा जणांचा नाश्ता ६०. एकूण ३७४! थोड्या अंतरावरचा, स्वयंपाकघर असलेला दोन बेडरूमचा स्वीट २४० डॉलरला आहे. नाश्ता आणि पार्किंग त्यातच, कर ३१. एकूण २७१. तीन रात्रींत ३०९ डॉलर वाचले. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात तो हाच!

१२ मे २०२५ पासून लागू झालेल्या केंद्रीय नियमानुसार सक्तीची फी जाहिरातीतल्या दरातच दाखवावी लागते. कर आणि ऐच्छिक पार्किंग मात्र त्यात नसू शकतात. ते विचारून घ्या.

३. वार बघा. व्हेगासमध्ये शुक्रवार-शनिवार महाग, रविवार ते गुरुवार स्वस्त. मोठे अधिवेशन असेल तर मात्र सगळेच महाग. मोठ्या शहरांच्या ऑफिसांच्या भागात बहुधा याच्या उलट, म्हणजे शनिवार-रविवारी दर उतरतात.

४. अंतराचीही किंमत असते. ग्रँड कॅन्यनच्या दक्षिण कड्याला टुसायान अगदी लागून आहे, विल्यम्स सुमारे ६० मैलांवर आणि फ्लॅगस्टाफ सुमारे ८०. लांबच्या गावी खोली स्वस्त मिळेल, पण सूर्योदय बघायचा तर आई-बाबांना पहाटे तीन-साडेतीनला उठवावे लागेल! कड्यावरच्या सरकारी उद्यानातील लॉज हवे असेल तर वर्षभर आधी प्रयत्न करा. हा भाग सुमारे ७,००० फूट उंच आहे. हृदयाचा किंवा श्वासाचा त्रास असणाऱ्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे.

५. आरक्षणानंतर हॉटेलला एक फोन करा. लिफ्ट आहे का? नसल्यास तळमजला मिळेल का? स्वयंपाकघरात भांडी आहेत का? स्वीटमध्ये सहा जण चालतात ना? चौघांच्या खोलीत सहा जण गुपचूप नेण्याची 'बचत' आपल्याकडे कौतुकाने सांगितली जाते. ती करू नका. माणसांची मर्यादा आगीपासून सुरक्षिततेसाठीही असते. तसेच, स्वयंपाकघर नसलेल्या खोलीत फोडणी नको. धुराचा भोंगा वाजला तर सारे हॉटेल रस्त्यावर येईल!

२०२२ साली ती राहिलेली सहल आम्ही केली. मुक्काम टुसायानला, तळमजल्यावर, रद्द करता येणाऱ्या दराने. जाताना बाबांनी विचारले, "या वेळी नाही जमलं तर पैसे बुडतील का रे?" "एक सेंटसुद्धा नाही," मी म्हटले. त्यानंतर ते गाडीत निवांत झोपले.

तुमची सहल सुखाची आणि हिशेबाची होवो!