मोजून केलेली दुरुस्ती

चंदीगडच्या सेक्टर 30 मध्ये 1963 साली भारत-स्विस प्रशिक्षण केंद्र सुरू झाले. तेथे सूक्ष्म उपकरणांच्या कामाचे शिक्षण दिले जाते. काम अंदाजाने नव्हे, तर मोजून करावे, ही अशा शिक्षणाची पहिली शिस्त होय. मोटारसायकलचे शॉक अ‍ॅब्सॉर्बर दुरुस्त करतानाही हीच शिस्त उपयोगी पडते.

पुढच्या फोर्कमधील स्प्रिंग भार पेलते व धक्का झेलते. ऑइल तिची उसळी आवरते. ऑइलसील झिजले की ऑइल गळू लागते. ते ब्रेकवर उतरल्यास गाडी वेळेवर थांबत नाही. म्हणून या गळतीकडे केलेले दुर्लक्ष जिवावर बेतू शकते. मात्र केवळ सील बदलणे पुरेसे नसते. फोर्कच्या नळीवर गंजाचे खड्डे असतील, तर नवे सीलही लवकरच खराब होते. त्यामुळे नळी आधी तपासावी. दोन्ही बाजूंना एकाच प्रतीचे ऑइल माहितीपुस्तिकेत दिलेल्या मापाने भरावे.

त्यानंतर जुळणी करावी. पुढचे चाक अधांतरी ठेवून फोर्कच्या उघड्या नळीची लांबी मोजावी. मग चाक जमिनीवर टेकवून, चालक बसल्यावर ती पुन्हा मोजावी. फोर्कची एकूण हालचाल 120 मिलिमीटर असेल, तर या दोन मापांतील फरक साधारणतः 30 ते 40 मिलिमीटर असावा. तो अधिक आल्यास, गाडीत तशी सोय असेल तर, स्प्रिंगचा ताण वाढवावा. मागचा वायुभरित शॉक अ‍ॅब्सॉर्बर मात्र स्वतः कधीही उघडू नये. त्यातील वायू मोठ्या दाबाखाली असतो.

स्वाध्याय : नवे सील बसवूनही ऑइल पुन्हा गळू लागले, तर त्याचे कारण कोणते असू शकेल?